आमचे व्याही आणि सगळ्यांचे गळे

जगातल्या यच्चयावत माणसांचे आमच्या व्याह्यांनी दोनच वर्ग पाडले आहेत: ज्यांच्या घशात नळी सहज जाईल ते, आणि ज्यांच्या घशात ती जाता जाणार नाही ते. जात, गोत्र, शिक्षण, पगार, माणूस पुण्याचा की नागपूरचा, हे बाकीचे सगळे भेद त्यांच्या लेखी किरकोळ. ते भूल देणारे डॉक्टर. उभा जन्म त्यांनी ऑपरेशनच्या टेबलाच्या उशाशी काढला आणि झोपवलेल्या माणसांच्या घशात नळी घालून त्यांचे श्वास चालते ठेवले. त्यामुळे समोर कोणीही आला की त्यांची नजर आधी त्याच्या हनुवटीवर जाते, तिथून मानेवर उतरते, आणि तो माणूस चुकून हसलाच तर दातांवर येऊन थांबते. एकदा आम्ही दोघे मांडवात बसून एका पुढाऱ्याचे भाषण ऐकत होतो. पुढारी विदर्भाच्या अनुशेषावर घसा फोडून बोलत होते, लोक टाळ्या पिटत होते, आणि व्याही माझ्या कानाशी लागून म्हणाले, "जीभ पाहा याची, किती मोठी आहे! याले कधी दवाखान्यात आनला तं मले नोका बोलावू बाप्पा." अनुशेषाबद्दल त्यांचे मत मला आजतागायत कळलेले नाही.

आमची पहिली भेट लेकीच्या लग्नाच्या बैठकीत झाली. ते नागपूरच्याच दुसऱ्या टोकाहून, बेस्याहून, सहकुटुंब प्रताप नगरात आमच्या घरी आले. पोहे झाले, चिवडा झाला, पत्रिका निघाल्या. मी मानपानाची वाक्ये मनात जुळवत होतो, तेवढ्यात हे गृहस्थ खुर्ची सरकवत माझ्यापुढे आले आणि म्हणाले, "इवाईबुवा, जरा आ करा बरं." आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला ईन, पण इवाईला भर बैठकीत आ करायला लावण्याची पद्धत आमच्याकडे काय, कुठेच नसावी. मुलीचा बाप मी, केला आ. त्यांनी खिशातून छोटा टॉर्च काढला, आत पाहिले आणि "वा, रस्ता मोकळा आहे" असा शेरा दिला. मग ते माझ्या बायकोकडे वळले. "ईनबाई, मान थोडी मागं न्या. आनखी. जात नाही का? हं. हनुवटी बी लहान आहे. तुमाले जड जाईन." पोह्यात मीठ कमी आहे हे सांगावे तितक्या सहज त्यांनी हे सांगितले आणि पुढे बजावले, की जन्मात कधी ऑपरेशनची वेळ आली तर आधी भुलीच्या डॉक्टरला सांगायचे, माझा गळा अवघड आहे. शेवटी लेकीकडे एकवार निरखून त्यांनी पसंतीची मान डोलावली. "पोरगी फस्क्लास आहे." तिचे शिक्षण, तिची नोकरी, तिचा स्वयंपाक, यातले त्यांनी काहीही विचारले नाही.

माझी बायको माहेरची जुन्या नागपुरातल्या महाल भागातली. ठुशी शोभावी अशी मान म्हणून त्या मानेचे माहेरी कोण कौतुक! पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "हे पाहायला कोणाला आले होते, मुलीला की मला?" आणि त्या दिवसापासून तिने व्याह्यांशी सरळ बोलणे सोडले. भांडण नव्हते, मानपान चोख होता. पण ते समोर बसलेले असताना ती माझ्याकडे पाहून म्हणायची, "त्यांना म्हणावं, चहा निवतोय." मी त्यांना म्हणायचो, "चहा निवतोय." ते म्हणायचे, "ऐकलं जी." न ऐकून सांगतात कोणाला? माझ्या बायकोचा आवाज म्हणजे आमच्या गल्लीचा भोंगा होता. तिने दारातून भाजीवाल्याला हाक मारली की पलीकडच्या चौकातलासुद्धा भाजीवाला गाडी वळवून यायचा. अशा आवाजातली वाक्ये मी पुन्हा एकदा उच्चारून व्याह्यांपर्यंत पोचवत असे, आणि हा टपालखात्याचा कारभार कित्येक सणवार सुरळीत चालला.

व्याह्यांचा दुसरा विशेष म्हणजे त्यांचा कोणत्याही व्यवस्थेवर विश्वास नाही. त्यांचा विश्वास व्यवस्थेमागच्या व्यवस्थेवर आहे. "अन् नाही जमलं तं?" हा त्यांचा आवडता प्रश्न. लग्नाच्या वेळी मांडव ठरला, त्यांनी विचारले, अन् पाऊस आला तं? जनरेटर ठरला, अन् तो बंद पडला तं? गुरुजी ठरले, अन् गुरुजींचा घसा बसला तं? मी वैतागून म्हणालो, "मग तुम्हीच पाहा." त्यांनी खरोखरच पाहिले. लग्नाच्या दिवशी दुसरे एक गुरुजी धोतर-उपरण्यासह पहिल्या रांगेत येऊन बसले आणि पहिल्या गुरुजींच्या तोंडाकडे टक लावून पाहू लागले. पहिल्या गुरुजींनी आयुष्यात इतके शुद्ध मंत्र कधी म्हटले नसतील. एकही ओळ गाळायची त्यांची छाती झाली नाही, त्यामुळे मुहूर्त टळता टळता वाचला. आणि जेवणे आटोपल्यावर, सगळी पाहुणेमंडळी हॉलमध्ये गाद्यांवर आडवी झाली तेव्हा आमचे व्याही रांगेतून फिरत होते. जो घोरेल त्याच्या जबड्याखाली दोन बोटे घालून ते जबडा अलगद पुढे ओढत आणि घोरणे थांबवत. माझे एक चुलतभाऊ डोळे उघडून पाहतात तो एक अनोळखी गृहस्थ आपला जबडा धरून बसलेले. ते "चोर, चोर!" म्हणून ओरडले. व्याही शांतपणे म्हणाले, "चोर नाही जी, मुलाचा बाप आहो. तुमी कुशीवर झोपत जा."

पण सगळ्यांत चमत्कारिक म्हणायची ती त्यांची हार मानण्याची रीत. आमच्या घराण्यात पुरुषाने "मला जमत नाही" हे वाक्य उच्चारल्याची नोंद नाही. माझे वडील लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडायला बसले की दुपार कलली तरी उठत नसत, आणि आम्हाला लोणच्यावाचून जेवावे लागे. व्याह्यांचे उलट. ते झाकणाला हात घालतात, एकदा फिरवून पाहतात, पकड बदलून दुसऱ्यांदा पाहतात, आणि मग बरणी खाली ठेवून साऱ्या घराला ऐकू जाईल असे जाहीर करतात, "माझ्याच्यानं होऊन नाही राहिलं. दुसऱ्यानं घ्यावं." सीताबर्डीच्या गर्दीत एकदा त्यांना गाडी दोन गाड्यांच्या मधे लावायची होती. दोन वेळा पुढेमागे केली, जमेना. मागून हॉर्नचा कल्लोळ. हे सरळ खाली उतरले, पानठेल्यावरच्या एका अनोळखी माणसाच्या हातात किल्ली दिली आणि म्हणाले, "दादा, मले नाही जमत, तुमी लावा." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या माणसाने गाडी लावली, किल्ली परत दिली, वर सुपारी दिली. मी त्यांना म्हटले, "अहो, आणखी एकदा पाहायचं होतं." त्यावर ते म्हणाले, "आमच्या धंद्यात तिसऱ्या खेपेले माणूस नळी नाही टाकत, हट्ट टाकते. आपला हट्ट, अन् श्वास त्याचा." हे त्यांनी सुपारी चघळत सांगितले, म्हणून मी ते फारसे मनावर घेतले नाही.

माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मी त्यांच्याच दवाखान्यात दाखल झालो होतो, तेव्हा त्यांना कामावर पाहिले. रोग्याला हात लावण्याआधी ते आपले हात काखेत धरून ऊन करतात. नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा. कारण आत एसी आहे आणि कोणाला गार हात लागू नये. शुद्धीत नसलेल्या माणसाशी ते शुद्धीतल्यापेक्षा जास्त बोलतात. ऑपरेशननंतर रक्तदाब चढला म्हणून मला काही दिवस अतिदक्षता विभागात ठेवले होते, तिथे शेजारच्या खाटेवर एक आजोबा यंत्राच्या श्वासावर होते. व्याही रोज सकाळी त्यांच्या कानाशी वाकून सांगत, "आजोबा, आज बुधवार आहे. बाहेर ऊन तापून राहिलं. तुमचा नातू खाली उभा आहे, त्यानं चहा घेतला. मी आता तुमच्या नळीतला कफ काढतो, खोकला येईन, घाबरू नोका." एका नव्या सिस्टरने विचारले, "सर, त्यांना ऐकू येतं?" ते म्हणाले, "मले काय मालूम? पन येत असंन तं?" मग त्यांनी ओल्या कापसाने आजोबांचे सुकलेले ओठ पुसले आणि उशी उलटून तिची गार बाजू वर केली. हे काम डॉक्टरचे नाही हे त्यांना कोणी सांगितले नसावे.

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. माझ्या बायकोची खालची दाढ ठणकू लागली. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, हळदीचा लेप झाला. दाताच्या डॉक्टरकडे जायचे नाव काढले की ती म्हणे, ऊन उतरू दे. मग हनुवटीखाली सूज आली. मी म्हटले, व्याह्यांना एक फोन करतो, ते कोणाचे तरी नाव सुचवतील. ती उसळली. "लेकीच्या सासऱ्यापुढे दाढ घेऊन जायचं? माझी आई लेकीच्या घरचं पाणी पीत नव्हती, आणि मी त्यांचे उपकार घेऊ? शिवाय पुन्हा मान मागे करायला सांगतील." आमच्याकडे हे असेच चालत आलेले आहे. मुलीच्या आईने मुलीच्या सासरी द्यायचे असते, घ्यायचे नसते. मीही फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सूज दोन्ही बाजूंनी गळ्यापर्यंत उतरली. ताप चढला. तोंड बोटभरही उघडेना, लाळ गिळता येईना. ती टॉवेल तोंडाला लावून पलंगाच्या काठावर पुढे वाकून बसली होती. आणि तो आवाज, जो चौकातल्या भाजीवाल्याला वळवत असे, तो तोंडात मोठा घास धरून बोलल्यासारखा घोगरा, बसका येऊ लागला. आजारी माणसाने पडून राहावे ही आपली पिढीजात समजूत. मी आणि शेजारच्या काकू तिला खांद्याला धरून आडवे करू पाहत होतो आणि ती आम्हाला ढकलून उठून बसत होती. काकू म्हणाल्या, "ताप डोक्यात गेला वाटते." तेवढ्यात लेकीचा रोजचा फोन आला. मी तिला सांगत असताना मागे बायकोचा आवाज गेला असावा, कारण फोनवर एकदम व्याही आले.

"हे कोन बोलून राहिलं?"

मी म्हटले, "तुमच्या ईनबाई. दाढ सुजली आहे."

"त्यांले म्हना, माझ्यासंगं बोला. एकच वाक्य."

मी फोन तिच्या तोंडाशी धरला. तिने टॉवेल बाजूला केला आणि त्या अवस्थेतही, माझ्याकडेच पाहून, म्हणाली, "त्यांना म्हणावं..." पुढचे शब्द शब्द राहिलेच नाहीत.

"बस्स," व्याही म्हणाले. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "झोपवलं तं नाही नं त्यांले? झोपवू नोका. बसू द्या, पुढं वाकू द्या, त्यांले जसं बसावं वाटते तसंच. पानी नोका देऊ, गोळी नोका देऊ, काईच नोका देऊ. मी निघालो."

थोड्या वेळाने आमच्या गल्लीत एक अँब्युलन्स शिरली. तिच्यामागे व्याह्यांची गाडी, कारण अँब्युलन्स नाही आली तं? आणि गाडीमागे मोटरसायकलवर जावई, कारण गाडी अडकली तं? तिघांनी मिळून गल्ली पार बुजवून टाकली. व्याही जेवून आडवे झालेले असावेत. ते पायजमा आणि बनियानवरच धावत आत आले, शर्ट हातात. व्याह्यांना बनियानवर पाहून माझ्या बायकोने श्वास लागलेला असताना पदर सावरला आणि तोंड भिंतीकडे फिरवले. त्यांनी तिचा गळा चाचपला नाही, आ करायला सांगितले नाही. फक्त समोर उकिडवे बसून थोडा वेळ तिच्या श्वासाकडे पाहिले आणि म्हणाले, "चला. बसवूनच न्यायचं."

दवाखान्यात ऑपरेशन थिएटरच्या दाराशी त्यांनी मला सगळे सांगितले. दाढेचा पू जिभेखाली उतरला होता, सुजेने जीभ वर ढकलली होती आणि श्वासाची वाट बुजत चालली होती. पू काढण्याआधी ती वाट हातात यायला हवी होती. "मी त्यांले भूल देनार नाही. भूल दिली का त्यांचा सोताचा श्वास जाईन, अन् नळी नाही गेली तं माझ्याजवळ काईच नाही राहनार. जागेपनीच नाकातून बारीक दुर्बीण घालून पाह्यतो. नाही जमलं तं घशाच्या डॉक्टरबाई गळ्याले छेद देऊन तिथून नळी टाकतीन. त्या हात धुऊन तयार उभ्या आहेत."

मी विचारले, "तुम्हाला जमेल ना?"

ते म्हणाले, "मले माहीत नाही, इवाईबुवा."

मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. उभ्या नागपुरातल्या लोकांच्या घशात नळ्या घातलेला माणूस, आणि माझ्या बायकोच्या वेळी याला माहीत नाही! खोटे तरी बोलायचे, धीर तरी द्यायचा. ते आत गेले, दार मिटले, आणि मी बाकावर बसून त्यांना मनातल्या मनात सापडतील त्या शिव्या दिल्या. तिचा आवाज पुन्हा ऐकायला मिळेल की नाही एवढी एकच गोष्ट डोक्यात होती, आणि शेवटचे जे ऐकले ते "त्यांना म्हणावं" एवढेच होते.

आत काय झाले ते मला नंतर बायकोने सांगितले. ती सगळा वेळ जागी होती. तिला टेबलावर बसते ठेवले होते. व्याह्यांनी हात काखेत धरून ऊन केले आणि तिच्या नाकात बधिर करणारे औषध घातले. म्हणाले, "ईनबाई, तुमचा श्वास तुमच्याजवळच ठेवा, तो मी मागनार नाही. मी दोनदा पाहीन. जास्त नाही." पहिल्या वेळी दुर्बिणीपुढे रक्त आले. दुसऱ्या वेळी सुजेशिवाय काही दिसेना. तिने त्यांचा चेहरा अगदी जवळून पाहिला. कपाळावर घाम होता आणि डोळे दुर्बिणीला लावलेलेच राहिले होते. तिला वाटले, हे आता सोडणार नाहीत. पण मग त्यांनी दुर्बीण काढली, मागे सरले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझ्याच्यानं होऊन नाही राहिलं. बाई, तुमी घ्या."

डॉक्टरबाई पुढे झाल्या. व्याही तिच्या उशाशी आले, ऑक्सिजन धरला, आणि गळ्याची कातडी बधिर करून छेद घेतला जात होता तेवढा वेळ तिच्या कानाशी बोलत राहिले. काय बोलले? "मी तुमच्या मानेले जड म्हनलो होतो, ईनबाई. लय राग आला होता नं? मले मालूम आहे. चहाचा निरोप तुमी इवाईच्या हातानं देता. तुमच्या घरचे पोहे बी जरा कोरडेच होते त्या दिवशी." ती म्हणते, जीव जात असताना मला इतका संताप आला की काय सांगू! मी केलेले पोहे ओले होते, त्यावर लिंबू होतं, वर ओतायला तर्रीचा रस्सा वेगळा दिला होता. आणि ते वर म्हणाले, "हं, अस्साच राग येऊ द्या. राग आलेला मानूस जोरानं श्वास घेते." मग गळ्यातून एक मोठी थोरली हवा आत गेली, आणि तिने म्हणे टेबलाची कड धरलेली सोडली.

व्याही बाहेर आले तेव्हा अंगात अजून ऑपरेशन थिएटरचा हिरवा वेष होता. म्हणाले, "मले नाही जमलं. बाईंनी केलं. बऱ्या आहेत." जो भेटायला आला त्या प्रत्येकाला त्यांनी हेच सांगितले, याच क्रमाने. साहजिकच नातेवाइकांत बोभाटा झाला. माझे ते चोर चोर ओरडणारे चुलतभाऊ म्हणाले, "एवढा गाजावाजा, आणि ऐनवेळी व्याह्यांना जमलं नाही म्हणे." मीही बाकावर बसून अर्धा तोच विचार केला होता. पण नंतर कितीतरी दिवस मी मनात माझ्या वडिलांना त्या टेबलाशी उभे करून पाहत होतो. हातात दुर्बीण, समोर सून, आणि सगळे पाहताहेत. त्यांनी ती दुर्बीण खाली ठेवली असती का? मी ठेवली असती का? मला उत्तर माहीत आहे.

पुढचे दिवस तिचा श्वास गळ्यातल्या नळीतून चालला. जीव वाचला होता, पण त्या नळीमुळे आवाज मुळीच नव्हता. व्याह्यांनी तिच्या खाटेच्या डोक्याशी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: "या बाईंचा श्वास गळ्यातल्या नळीतून आहे. वरची वाट अवघड आहे." पाटीखाली तशीच दुसरी नळी चिकटपट्टीने लावून ठेवली, आणि तिच्याशेजारी त्याहून लहान तिसरी. सिस्टरना हाक कशी मारणार, म्हणून ते मला म्हणाले घरून घंटी आणा. घरात घंटी एकच, देवघरातली. ती नेली. बायकोला कफ झाला, तहान लागली किंवा पंख्याचा वारा लागेना झाला की ती घंटी घणघणवी, आणि समोरच्या खाटेवरच्या उमरेडच्या एक आजी डोळे मिटल्या मिटल्या हात जोडत. व्याही दिवसातून कितीदा तरी येऊन बसत. नळीवरचे ओले फडके बदलत, कफ काढताना मला जवळ बोलावून दाखवत, "असं हळू, अन् आधी त्यांले सांगून." जाताना उशी उलटत. बायकोच्या हातात पाटी-पेन्सिल दिली होती. ती लिही, "त्यांना म्हणावं, घरी जाऊन जेवा," आणि पाटी माझ्याकडे धरी. ते शेजारी बसून वाचत आणि म्हणत, "ऐकलं जी."

एकदा व्हरांड्यात मी त्यांना विचारले, "आवाज येईल ना?" ते म्हणाले, "येईन. पन पयल्यासारखा येईन का, ते मले नाही सांगता येत." या वेळी मला राग आला नाही.

सूज उतरली, दाढ काढून झाली, आणि एका सकाळी त्यांनी नळीभोवतीच्या फुग्यातली हवा सोडली, म्हणजे श्वासाला वर घशात जायला वाट मिळावी. डॉक्टरबाई होत्या, लेक होती, मी होतो. त्यांनी हातमोजा चढवला आणि नळीच्या तोंडावर बोट अलगद ठेवले. "ईनबाई, श्वास सोडता सोडता बोला. काई बी बोला." आधी नुसती हवा आली. मग एक खरखर. तिने डोळे मिटले, पुन्हा श्वास घेतला, आणि त्यांच्याकडे बघून, सरळ त्यांच्याकडे बघून, म्हणाली, "भाऊ, जेवलात का तुम्ही?"

व्याह्यांचे बोट नळीवरून सरकले. आवाज तिथेच तुटला. त्यांनी ते लगबगीने पुन्हा ठेवले. "पुन्हा बोला, ईनबाई," ते म्हणाले. ती पुन्हा म्हणाली. "आनखी एकदा." लेक रडू लागली होती. डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "सर, पुरे, त्या दमतील." तेव्हा कुठे त्यांनी बोट काढले. मग ते हात धुवायला बेसिनशी गेले आणि इतका वेळ नळ चालू ठेवून उभे राहिले की शेवटी सिस्टरने जाऊन तो बंद केला.

आता ते निवृत्त झाले आहेत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा त्यांनी दवाखान्यात सगळ्यांना बोलावून जाहीर केले, की आता माझ्याच्यानं होणार नाही, आणि पुड्यातले पेढे वाटून घरी आले. बेस्यात बाग करतात, म्हणजे रोपे लावतात आणि प्रत्येक रोपाशेजारी दुसरे लावतात. रविवारी दुपारी मला फोन करतात. बोलायला आमच्याकडे विशेष काही नसते. ऊन किती आहे, नातू काय म्हणतो, एवढे झाले की विषय संपतो. माझ्या बायकोचा आवाज परत आला, पण पहिल्यासारखा नाही. तो आता जाडाभरडा आहे, संध्याकाळी थकतो, आणि चौकापर्यंत मुळीच जात नाही. पण स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत येतो. त्या आवाजात ती मला कसल्या ना कसल्या कारणावरून रागावत असते. ते कानावर पडले की पलीकडे व्याही बोलायचे थांबून ऐकत राहतात. आधी मला वाटायचे, फोन कट झाला की काय, म्हणून मी "हॅलो, हॅलो" करायचो. आता करत नाही. तिचे सुरू झाले की मी फोन कानावरून काढून स्वयंपाकघराच्या दाराकडे धरतो, आणि तिचे बोलणे संपेपर्यंत तसाच धरून उभा राहतो.